माता-बालक अनुबंध

तान्हे मूल पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात आपले संगोपन करणाऱ्या व्यक्तीशी, बहुधा आईशी, जे दृढ भावनिक नाते जोडते आणि भय, थकवा वा दुखणे आले असता ज्याच्या भरवशावर तिच्याकडे धाव घेते, त्या नात्यास बालमानसशास्त्रात अनुबंध म्हणतात. या उपपत्तीचे जनक ब्रिटिश मनोवैद्य जॉन बोल्बी (१९०७–९०) होत. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ मध्ये सादर केलेल्या अहवालात मातृवियोगाचे दुष्परिणाम तपशीलवार नमूद होते. तथापि तोवरचा पुरावा मुख्यतः अनाथाश्रमांतील व इस्पितळांतील मुलांचा असल्यामुळे, घरातच वाढणाऱ्या मुलांविषयी त्यावरून फारसे काही ठरविता येत नव्हते.

ही उणीव मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) यांनी भरून काढली. प्रथम युगांडात कंपालानजीकच्या गांडा कुटुंबांत व पुढे अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरी, घरोघरी तासन्‌तास बसून त्यांनी माता-बालकांचे निरीक्षण केले. त्यांची ‘अपरिचित प्रसंग’ ही कसोटी प्रसिद्ध आहे. वर्षभराच्या मुलाला आईसह खेळणी मांडलेल्या अनोळखी खोलीत आणतात. परकी बाई येते, आई निघून जाते, परतते, पुन्हा जाते, पुन्हा परतते. वीसेक मिनिटांत सारे आटोपते. मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर ते काय करते, यावर एन्सवर्थबाईंचा निवाडा अवलंबून असे. बिलगून शांत होणारे व पुन्हा खेळण्यांकडे वळणारे मूल सुरक्षित. आई आल्याची दखलही न घेता खेळण्यातच मान खाली घालून बसणारे परिहारी. आणि उचलून घे म्हणून हात पसरणारे, पण उचलताच लाथा झाडणारे विरोधी.

या भेदांची मुळे त्यांना घरच्या नोंदींत आढळली : मुलाचे इशारे ओळखून वेळेवर प्रतिसाद देणाऱ्या आयांची मुले बहुधा सुरक्षित निघाली. शिवाय, आरंभीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याची तत्काळ दखल घेतली गेली ती मुले वर्षअखेरीस कमी रडत, हा १९७२ चा निष्कर्ष, रडताक्षणी घेतले तर मुलाला कडेवरची सवय लागते या आपल्याकडील पिढीजात समजुतीच्या थेट उलट जातो. वर्तनवाद्यांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि तो वाद निखालस मिटला असे म्हणवत नाही.

मुलाच्या उपजत स्वभावाचाही या नात्यात वाटा असतो. सारा दोष आईच्या पदरी बांधणे शास्त्राला धरून नाही. देशाचाराचेही तसेच. जपानमधील साप्पोरो येथे, आईपासून क्वचितच दूर राहणाऱ्या मुलांत परिहारी एकही न आढळता विरोधी बरीच आढळली. ती खोलीच त्यांना अतिपरकी होती, असा एक अर्थ लावला जातो. किंबहुना अनुबंध एकट्या आईशीच जडतो हे गृहीतही टिकले नाही. ग्लासगो येथे ६० अर्भकांची पाहणी करून शॅफर व इमर्सन यांनी १९६४ मध्ये दाखविले, की दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांचे एकाहून अधिक माणसांशी, वडील, आजी-आजोबा वा भावंडांशीही, असे नाते जुळलेले असते, आणि त्यांतील सर्वांत जवळची व्यक्ती भरवणारी-न्हाऊमाखू घालणारी असतेच असे नाही.