सावली कुणाची, आडोसा कुणाचा?

७ जुलै २०२० रोजी संध्याकाळी दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’च्या आवारात शिरून मोडतोड करण्यात आली. काचा फुटल्या, कॅमेऱ्याची नासधूस झाली, आणि कुंड्या नि रोपे उधळून दिली गेली. निषेध झाले, ते व्हायलाच हवे होते. पण त्या बातमीतला एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कुंड्या. फोडणाऱ्याच्या मनात काय होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. मला मात्र प्रश्न पडला तो निराळाच. आपल्या माणसाच्या दारात कुंड्या, आवारात झाडे, घर आणि रस्ता यांच्यामध्ये थोडी हिरवी जागा, ही गोष्ट या शहरात आपल्या वाट्याला केव्हा आली, कशी आली, आणि किती जणांच्या वाट्याला आली?

मी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत वाढलो. तिथून हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी पायी जाण्याच्या अंतरावर. लहानपणी मला वाटे, तिकडची झाडे देवानेच लावली असावीत आणि आपल्याकडे लावायचे विसरला असावा. देव आपल्या घरातून गेला तरी ही समजूत बरीच वर्षे गेली नाही. ती घालवायची तर प्लेगपासून सुरुवात केली पाहिजे.

१८९६ साली मांडवीत प्लेग सापडला. शहर ओस पडू लागले, गिरण्या ओस पडू लागल्या, आणि तेव्हा सरकारला गरिबांच्या खोल्यांत उजेड आणि वारा नाही याचा साक्षात्कार झाला. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणायचा, आणि शहराच्या उत्तरेला मोकळी, नीट आखलेली वस्ती बसवायची, अशी ही योजना. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली. उत्तरेच्या शेतांत, खाचरांत आणि दलदलीत दादर-माटुंग्याची आखणी झाली. आज आपण जिला जुनी मुंबई म्हणून डोळे भरून पाहतो ती दादर-माटुंग्याची झाडी अशी रोगाच्या भीतीतून उगवलेली आहे.

या आखणीत मंचेरजी एडलजी जोशी या पारशी इंजिनियरचे नाव आदराने घेतले पाहिजे. ट्रस्टच्या नोकरीत असलेल्या या गृहस्थाने मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. इमारती बेताच्या उंचीच्या, दोन इमारतींत अंतर, मध्ये पाच बागा, आणि एकेका रस्त्याला एकेका जातीचे झाड. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. माणसाने आपल्या समाजासाठी काय करावे याचा हा नमुना आहे, आणि मी तो कुचेष्टेने सांगत नाही. आपल्यातल्या शिकलेल्यांनी, मोठ्या हुद्द्यांवर गेलेल्यांनी त्यापासून काही घ्यावे असेच मला वाटते.

शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. तिथे पांढरपेशा महाराष्ट्रीय वर्ग आला. प्रत्येक इमारतीला आवार, आवाराला भिंत, भिंतीच्या आत मेंदीचे कुंपण, जास्वंद, बोगनवेल, कोपऱ्यात आंबा किंवा फणस. पुढे पुढे भिंतीला लागून उंच अशोक लावायची रीत पडली. त्याला ना फळ, ना धड सावली, पण रस्त्यावरच्या माणसाची नजर तो अडवतो. त्याचे काम तेवढेच आहे. झाड हे नुसते झाड नसते, ते कुणीतरी कुणाला तरी घातलेले अंतरही असते, हे मला या अशोकाने शिकवले.

आता त्याच ट्रस्टचा दुसरा हात पाहा. ज्यांची घरे पाडली त्या गरिबांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. त्यातली एक परळची. १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड तिथे, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत होते. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेला हा विद्वान, ज्याने कोलंबियाची पदवी घेतली, ज्याने महाडचा संग्राम केला, जो गोलमेज परिषदेला गेला, तो या सबंध काळात सार्वजनिक नळ आणि सामाईक संडास असलेल्या चाळीत राहत होता. एकाच ट्रस्टने एकाला बाग दिली आणि दुसऱ्याला खोली. दोन्ही आरोग्याच्या नावाने. जातीचा कायदा त्यात कुठेच लिहिलेला नव्हता, आणि लिहायची गरजही नव्हती. ज्याच्याजवळ भूखंडाचे पैसे त्याला झाड, एवढे म्हटले की बाकीचे आपल्या समाजरचनेने आपोआप केले.

खोलीत जागा नसली की माणूस बाग शोधतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा भीमराव शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. घरी परळच्या चाळीत एक खोली. जाते, स्वयंपाक, माणसे सगळी तीतच. गिरगावातल्या त्या बागेत विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी येत. त्यांनी या मुलाला हेरले, पुस्तके दिली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. आपल्या चळवळीच्या इतिहासात सभागृहांची, तळ्यांची, मंदिरांची नावे येतात. या बागेचे नाव जाता जाता येते. माझ्या मते ते अधिक ठळक यायला हवे. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलाला शहराने दिलेला तो एकच कोपरा होता, आणि तिथे कुणी त्याची जात विचारून बाकावरून उठवले नाही.

दहा वर्षांनी, १९१७ साली, पुन्हा एक बाग. बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. हिंदू मित्राकडे आसरा मिळाला नाही, ख्रिस्ती मित्राकडेही नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. घराने नाकारलेला माणूस झाडाखाली बसला. पुढे १९३४ साली जेव्हा ते परळ सोडून दादरला स्वतःच्या घरात आले, तेव्हा ते घर हिंदू कॉलनीत होते आणि काही पावलांवर पारशी कॉलनी होती. हा काव्यगत न्याय वगैरे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या मनात ही जुळणी आली नसेल असे मला वाटत नाही.

घराचे नाव ‘राजगृह’, मगधाच्या जुन्या राजधानीचे. बिंबिसाराने बुद्धाला दिलेले वेळुवन त्याच राजगृहाचे. म्हणजे संघाला मिळालेले पहिले निवासस्थान हा वाडा नव्हता, बांबूचे बन होते. बाबासाहेबांनी घर बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ग्रंथाला शांतता लागते, आणि शांततेला रस्त्यापासून अंतर लागते. ते अंतर त्यांना चाळीत बावीस वर्षे मिळाले नव्हते.

आमच्या नायगावच्या चाळी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नव्हेत. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. यावरून बांधणाऱ्याने कामगाराकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल ते ओळखावे.

माझे आजोबा रत्नागिरीकडून आले आणि दादर-माटुंग्याच्या रस्त्यांच्या कामावर बिगारी म्हणून लागले. खडी फोडणे, भराव घालणे, झाडांसाठी खड्डे खणणे. म्हातारपणी ते मला पाच बागांकडे फिरायला नेत आणि एखाद्या झाडाला काठी लावून म्हणत, “ह्याचा खड्डा मी खणलाय.” दर खेपेला झाड वेगळे असे. किती खरे, किती खोटे, देव जाणे (हा शब्दप्रयोग जुना आहे, वाचकांनी क्षमा करावी). पण एक खरे. झाड कुणी लावले हे नोंदीत सापडते. खड्डा कुणी खणला, पहिले दोन उन्हाळे पाणी कुणी घातले, हे सापडत नाही.

माझी आजी याच कॉलनीतल्या एका घरी धुणीभांडी करायला जाई. एकदा तिच्याबरोबर गेलो असता आवारात पडलेली जांभळे मी वेचली. वरून बाईंचा आवाज आला, “ए पोरा, कुंपणाच्या बाहेर हो.” आजी परतताना काही बोलली नाही. चाळीजवळ आल्यावर म्हणाली, “त्यांच्या झाडाखाली बसू नगंस बाबा, त्यांना आपली सावली चालत न्हाई.” तिला झाडाची सावली म्हणायचे होते की माणसाची, हे मला तेव्हा कळले नाही. मराठीत दोन्हींना शब्द एकच. पेशवाईतल्या पुण्याविषयी लिहून ठेवले आहे की सकाळ-संध्याकाळ सावल्या लांब पडतात म्हणून त्या वेळी अस्पृश्याला शहरात वावरायची मनाई होती. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याने सावली मागावी कुणाकडे?

आणि आडोशाचे काय? हिंदू कॉलनीत आडोसा म्हणजे अशोकाची रांग. आमच्याकडे आडोसा म्हणजे दोरीवर टाकलेले लुगडे. त्या लुगड्यामागे मोरीत आई अंघोळ करी, तिथेच नव्या जोडप्याचा संसार, तिथेच बाळंतीण. संडास मजल्याच्या टोकाला. रात्री बायका एकट्या जात नसत, दोघी-तिघी मिळून जात. घरांभोवतीच्या झाडीवर लिहिणारे लोक एकांताला चैनीच्या खात्यात घालतात, तेव्हा मला त्या टोकापर्यंतच्या अंधाऱ्या गॅलरीची आठवण होते.

माझ्या पिढीच्या मुलांनी यावर तोडगा काढला तो भीमरावाचाच. अभ्यासाला आम्ही पाच बागांत जात असू. दिवसा झाडाखाली, रात्री रस्त्याच्या दिव्याखाली. गिरणी कामगारांची, सफाई कामगारांची पोरे तिथे वकील, शिक्षक, कारकून झाली. तेव्हा पारशी कॉलनीच्या त्या झाडांनी आमच्यावर उपकार केले हे मी मोकळेपणाने कबूल करतो. कुंपणातल्या झाडाने हाकलले, रस्त्यावरच्या झाडाने बसू दिले. मला वाटते शहरातल्या झाडांची खरी वर्गवारी हीच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांची निराळी असेल.

१९५६ नंतर आमच्या आवारात एक पिंपळ लागला. त्याआधी पिंपळ म्हटले की मुंजा. तिन्हीसांजेला त्याखालून जायचे नाही, मुळाशी दोरा गुंडाळायचा तो आपण नव्हे, दुसऱ्यांनी. धर्मांतरानंतर तोच पिंपळ बोधिवृक्ष झाला. माझ्या वडिलांनी आणि चार शेजाऱ्यांनी विहाराजवळ त्याचे रोप लावले, भोवती विटांचा पार बांधला. म्हाताऱ्यांची भीती एकदम गेली असे नाही. आजी पहिली दोन वर्षे लांबूनच नमस्कार करी. मग एक दिवस दुपारी ती पारावर तांदूळ निवडत बसलेली दिसली. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ नव्हत्या, पण तिचे धर्मांतर त्या दुपारी पुरे झाले असे मी मानतो.

बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारले, त्या परिसराला नाव पडले नागसेनवन. नावात ‘वन’ आहे हे विसरू नये. भेटीला येणाऱ्याला ते झाड लावायला सांगत, अशी आठवण तिथले जुने लोक सांगतात. आपले काही मित्र झाडांचा विषय निघाला की म्हणतात, हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आपला प्रश्न भाकरीचा आणि घराचा. मला हे पटत नाही. ज्याने विद्येचा पहिला कोपरा बागेत शोधला, ज्याने आपल्या घराला वेळुवनाच्या गावाचे नाव दिले, त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी झाड हा आपला विषय नाही असे म्हणणे म्हणजे ते शेजारच्या कॉलनीला दान करणे होय.

हा प्रश्न आता दारात आला आहे. बी. डी. डी. चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० च्या जागी ५००, आणि संडास घरात. ज्यांनी ती अंधारी गॅलरी पाहिलेली नाही त्यांनी या घरांना नाके मुरडू नयेत. माझ्या बायकोने तर नकाशा पाहताना आधी संडासाचे दार कुठे ते पाहिले. लुगड्याचा आडोसा शंभर वर्षांनी संपतो आहे.

पण झाडांचे काय होते ते विचारले पाहिजे. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि ते तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. पारशी कॉलनीतली झाडे तोडायची वेळ आली तर सह्या गोळा होतात, इंग्रजी वर्तमानपत्रांत लेख येतात, आणि ते योग्यच आहे. चाळीच्या आवारातल्या उंबराला, शेवग्याला, बदामाला, विहाराजवळच्या पिंपळाला वय असते हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. वय सिद्ध करायला कागद लागतो. मंचेरजी जोशींनी लावलेल्या झाडाचा इतिहास आहे. माझ्या वडिलांनी लावलेल्या झाडाचा कागद म्हणजे माझी आठवण, आणि विहाराच्या एका समारंभाचा जुना फोटो, ज्यात पिंपळ पोरांच्या खांद्याइतका दिसतो.

तो फोटो मोठा करून घेतला आहे. मागे तारीख नाही, पण उभ्या असलेल्या पोरांत मी आहे, आणि माझ्या अंगावर चौथीचा शाळेचा गणवेश आहे. शाळेचा दाखला माझ्याकडे आहे. त्यावरून झाडाचे वय काढता येते. अर्जाला या दोन्ही गोष्टी जोडल्या आहेत. आवारातल्या इतर चाळींतल्या लोकांकडे असे फोटो, लग्नातले, जयंतीतले, ज्यांत मागे झाड दिसते, असतील तर त्यांनी ते काढून ठेवावेत. सामानाची बांधाबांध सुरू झाली की सर्वात आधी असलेच कागद रद्दीत जातात.