चिमटे, टॉर्च आणि हँडल

माझं घर इंदापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात, काम परफ्युजनिस्टचं. रुग्णाचं रक्त बाहेर घेऊन, त्यात ऑक्सिजन मिसळून परत पाठवणाऱ्या एक्मो यंत्राजवळ मी बसतो. बारामतीहून पेशंट आणायचा म्हटलं की शंभरेक किलोमीटरच्या रस्त्यासाठी सामानाची यादी काढतो. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी जुन्या फजितीतून आलेली आहे.

एक्मोची सुरुवात हार्ट-लंग मशीनपासून झाली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ते लावून अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचं छिद्र बुजवलं. पूर्णपणे मशीनच्या भरवशावर ती २६ मिनिटं होती. तेवढ्यातही रक्त गोठू न देणारं हेपरिन कमी पडून, रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाच्या, म्हणजे ऑक्सिजनेटरच्या, जाळ्यांवर रक्त गोठलं आणि यंत्र हातानं चालवावं लागलं. मुलगी वाचली.

त्या काळच्या यंत्रांत रक्त आणि ऑक्सिजन थेट भिडत, त्यामुळे काही तासांतच रक्तपेशी फुटायच्या. मध्ये पातळ पडदा आला तेव्हा कुठे मिनिटांचे दिवस झाले. १९७१ मध्ये डोनाल्ड हिल यांनी अपघातात जखमी झालेल्या तरुणाला ७५ तास यंत्रावर तगवलं. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी नवजात बाळ वाचवलं. पुढे पडद्याच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचे पोकळ तंतू आले, पण त्यांतून प्लाझ्मा झिरपू लागला, म्हणून पॉलिमिथाइलपेंटीनचे तंतू आले.

पंपाचंही तसंच. पुढे नळी दुमडली तरी रोलर पंप दाब देतच राही आणि नळी फुटे. सेंट्रिफ्यूगल पंपानं ती भीती घालवली, पण तो आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या जातीचा. ओढीच्या बाजूचा सांधा सैल झाला की हवा धरतो आणि प्रवाह तुटतो. मग नळीला चिमटे लावायचे, पंप थांबवायचा, हवा काढायची. तोवर रुग्ण व्हेंटिलेटरच्या भरवशावर. मोटारच बंद पडली तर हँडल फिरवून पंप हातानं चालवायचा. म्हणून गाडीत चिमटे, जादा कनेक्टर आणि हँडल हाताशी लागतात.

गुठळी मात्र गिबन यांच्यापासून तशीच आहे. हेपरिन कमी झालं तर ऑक्सिजनेटर तुंबतो, जास्त झालं तर मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्त गोठायला लागणारा वेळ पुन्हा पुन्हा तपासतो, टॉर्च मारून ऑक्सिजनेटरवरचे काळे डाग शोधतो, पडद्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब लिहितो. दोन्हींतला फरक वाढू लागला की नवा संच भरून ठेवायचा. बदलताना रुग्णाला थोडा वेळ यंत्राविना काढावा लागतो, आणि तो वेळ आपण ठरवलेला बरा, गुठळीनं ठरवलेला नव्हे.