उंदीर पडत होते, हे सर्वांना दिसत होते

मुंबई-पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपण बहुधा २२ जून १८९७ च्या रात्रीपासून वाचू लागतो. गणेशखिंड, रँड, चाफेकर बंधू. आजच्या धाग्यात त्या रात्रीच्या थोडे मागे आणि बरेच पुढे जायचे आहे. प्रश्न एवढाच : ज्या रोगासाठी लोकांची घरे उघडी केली गेली, तो पसरतो कसा, हे त्या घरांत शिरणाऱ्यांना ठाऊक होते का?

नव्हते. आणि त्याहून विलक्षण म्हणजे, ते आपल्याला ठाऊक नाही याची जाणीवही फारच थोड्यांना होती.

सप्टेंबर १८९६. मुंबईतील मांडवी भाग. गोदीला लागून धान्याची कोठारे, वर दाटीवाटीच्या चाळी. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांना येथील रुग्णांत काखेत, जांघेत आलेल्या गाठी आणि तीव्र ताप आढळला. त्यांनी निदान उघडपणे सांगितले : हा ग्रंथिक प्लेग आहे. सरकारी वर्तुळात मात्र हे नाव उच्चारायला कोणी राजी नव्हते. ‘प्लेग’ म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, हे उघड होते. त्यामुळे सुरुवातीस ‘गाठीचा ताप’ अशा सौम्य शब्दांवर भागवले गेले. ऑक्टोबरात आलेल्या हाफकिन यांनी जंतू दाखवले, तेव्हा वाद मिटला.

आणि येथेच खरी गफलत झाली. जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, आता तो मुंबईतही दिसला. रोग ‘कशाने’ होतो याचे उत्तर हाती आले. ‘कोणत्या वाटेने’ होतो, हा प्रश्न त्या उत्तराखाली झाकला गेला. घाण, कोंदट हवा आणि रुग्णाचा स्पर्श ही जुनी उत्तरे तशीच गृहीत धरून उपाययोजना सुरू झाली.

उपायांत आळस नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. समुद्राचे पाणी व कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडले गेले. भिंतींना चुना लागला, जमिनी खणल्या गेल्या, उजेडासाठी छपरांची कौले उतरवली गेली, कपडे-अंथरुणे जाळली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे उमटली. रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेले जाऊ लागले. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, आणि मार्चपासून पुण्यात रँड यांच्या समितीने सैनिक लावून घरोघर झडती सुरू केली. पुढचे आपल्याला पाठ आहे.

दरम्यान जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. मी पनवेलची. आमचे गाव त्या काळी खाडीवरचे बंदर आणि भाताची मोठी पेठ. मुंबई आणि घाटमाथा यांच्यामध्ये वसलेले. धान्याच्या पोत्याबरोबर उंदीरही प्रवास करतो, हे अशा पेठेतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पण पहारा होता तो माणसांवर : प्रवाशांची तपासणी, काखा-जांघा चाचपणे.

उंदीर मात्र समोरच पडत होते. मांडवीच्या कोठारांत ते मोठ्या संख्येने मेलेले आढळले होते. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी लोकांना तर ‘महामारी’ची ही खूण फार पूर्वीपासून ठाऊक होती : उंदीर पडले की घरे सोडायची. आपल्याकडेही पुढे गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहिली. हा उपाय लागू पडत असे. का लागू पडतो, हे कोणी विचारले असते तर?

विचारले एकाने. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर. त्यांना विसंगती खटकत होत्या. रुग्णाची शुश्रूषा करणारे क्वचितच आजारी पडतात. नुकताच मेलेला उंदीर उचलणारा दगावतो, पण मरून बराच वेळ झालेल्या उंदराने काही होत नाही. काही रुग्णांच्या अंगावर दंशासारखा बारीक फोड असतो. मेलेल्या उंदराचे अंग थंड झाले की त्याला कोण सोडून जाते? पिसू. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी पिसवांनी भरलेल्या आजारी उंदराजवळ जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. स्पर्श नव्हता, तरी तोही प्लेगने मेला.

याच सुमारास सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने सिमाँ यांचा पुरावा अपुरा ठरवला. मला हा या कथेतील सर्वांत दुःखद भाग वाटतो, कारण येथे शोध लागलेला होता.

१९०५ पासून मात्र परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) पद्धतशीर तपास सुरू झाला. ग्लेन लिस्टन यांनी त्याआधीच मुंबईतील उंदरांच्या पिसवांकडे लक्ष वेधले होते. प्रयोग इतके साधे की थक्क व्हावे. प्लेगग्रस्त जागेत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्याला रोग होऊ शकत असे, दोन फुटांवरच्याला नाही. हवा तर दोघांची एकच होती! फरक होता तो पिसवेच्या उडीचा. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला, तर पिसवा त्यावर अडकल्या आणि आतला प्राणी वाचला.

आता मागे वळून १८९६ चे उपाय पाहा. गटारे धुतल्याने, जमिनी खणल्याने उंदीर मरत नव्हते, शेजारच्या घरात जात होते. रानातल्या झोपड्या उपयोगी पडत, कारण माणूस उंदरांपासून दूर जाई. अंथरुणे जाळण्याने थोडाफार लाभ झाला असेल, तो त्यांतील पिसवा जळाल्यामुळे.

पिसू आधी सापडली असती तर पुण्यातील अवमान टळला असता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या झडतीत रोगाच्या भीतीइतकाच सत्तेचा ताठाही होता. पण १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने १२ लाखांहून अधिक माणसे नेली, आणि त्यांचा हिशेब सत्तेच्या ताठ्यावर पूर्ण मांडता येत नाही.

त्याच १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील मुलकोवाल प्रकरणाचा डाग पुसला गेला. लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने दगावली होती, आणि दोषी तपास पुरा होण्याआधीच ठरला होता. ती हकिकत पुढच्या धाग्यात.