पंचांग, वेध आणि श्रद्धा



विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचें जमतें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मंडळी लगेच गॅलिलिओचें नांव काढतात. गॅलिलिओ थोरच, पण इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. तोच खटला आपल्या देवघराशेजारीं ठेवलेल्या पंचांगांतही चालला.

महाराष्ट्रांतील पंचांगें कित्येक शतकें गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून होत असत. कोंकणांतील नांदगांवच्या या विद्वानानें तो शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं रचला. त्यांनीं व त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनीं जुन्या सिद्धांतांचें गणित आकाशाशीं ताडून पाहिलें, आणि जें जुळलें तेंच घेतलें. ही गोष्ट पुढें त्यांच्याच अनुयायांस विसरावीशी वाटली, याचें मला नवल वाटतें.

आकाश कोणत्याही ग्रंथासाठीं थांबत नाहीं. १८६० सालीं केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपीय गणिताच्या आधारें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यानें नवें पंचांग काढलें. तेंच पटवर्धनी पंचांग.

खरी अडचण तिथीची होती. चंद्र सूर्यापुढें १२ अंश गेला कीं एक तिथि संपते. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें तिथि लहानमोठी होते. 'बाणवृद्धि, रसक्षय' या जुन्या नियमानें ती ६० घटिकांहून फार तर ५ नें वाढावी आणि ६ नें घटावी. सूक्ष्म गणितानें मात्र ती सुमारें ६७ घटिकांपर्यंत वाढते आणि सुमारें ५० पर्यंत उतरते. म्हणजे एकादशीचा उपास क्वचित् वेगळ्या दिवशीं पडणार! पारंपरिक शास्त्रीमंडळींचें म्हणणें असें कीं, कर्माचें फळ अदृष्ट. त्यासाठीं दृष्ट गणित कशाला? हें उत्तर टाकाऊ नाहीं. शास्त्राज्ञा पाळणें हाच ज्याचा हेतु, त्याला दुर्बीण काय शिकविणार? परंतु हीच मंडळी ग्रहणाच्या बाबतींत मुकाट्यानें नवें गणित घेत. कारण उघड आहे. त्या वेळीं सारा गांव नदीवर उभा राहून वर पाहत असतो. जेथें चूक दिसते तेथें वेध आणि जेथें दिसत नाहीं तेथें ग्रंथ, असा दुहेरी न्याय मला श्रद्धा वाटत नाहीं.

छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनीं हा प्रश्न पुढें हातीं घेतला. १९०४ सालीं मुंबईस त्यासाठीं परिषद भरली. ग्रह आकाशांत दिसतील तेथेंच पंचांगांत असावेत, हें हळूहळू बहुतेकांस पटलें. मग वाद राहिला तो राशिचक्राच्या आरंभाचा. टिळकपक्षानें रेवती नक्षत्रांतील एक तारा धरला; व्यंकटेश बापूजी केतकरांनीं चित्रा धरली. दोहोंत सुमारें ४ अंशांचें अंतर. म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, इतरांकडे १४ च्या. एखाद्या वर्षीं अधिक मासही निराळा. येथें विज्ञान निकाल देऊं शकत नाहीं. तारा कोठें आहे हें तें विकलेपर्यंत सांगेल. मोजणी कोणत्या ताऱ्यापासून करावी, हा संकेताचा प्रश्न आहे. निम्मा वाद वेधानें मिटला, आणि उरलेला वेधाच्या कक्षेंतलाच नव्हता, हें दोन्ही पक्षांतील फार थोड्यांनीं ओळखलें.

पुढें मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं समिति नेमली गेली. साहा कांहीं भाविक गृहस्थ नव्हते. तरी त्यांच्या समितीनें धार्मिक पंचांगाकरितां चित्रापक्षाचे २३ अंश १५ कला अयनांश धरले, आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारी दिनदर्शिका सुरू झाली. सूर्याचें खरें उत्तरायण मात्र २२ डिसेंबरच्या सुमारासच लागतें. अयनचलन सुमारें ७२ वर्षांत एक अंश होतें. त्यामुळें संक्रांत पुढें सरकत असून आतां कांहीं वर्षीं ती १५ जानेवारीस येऊं लागली आहे.