पहाटेची शाळा

मुलांस घरीं शिकवावयाचें म्हटलें म्हणजे पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. शिक्षक कोठून आणावा, पुस्तकें कशीं घ्यावीं, पाटी-दौत-कागदाची तरतूद कोणीं करावी? गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबानें या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें, त्याला पैशाचा आधार जवळजवळ मुळींच नव्हता. त्या कुटुंबांतील धाकटी मुलगी पुढें पंडिता रमाबाई म्हणून देशभर विख्यात झाली; तिला पंडिता करणारी शाळा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

त्या शाळेचें बीज पुण्यास पडलें. अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. अध्ययनासाठीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं राहिले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत शिकते, हें नवल तरुण शिष्याच्या मनांत ठसलें आणि आपल्याहि पत्नीस शिकवावें असा त्यानें निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतींत घरच्यांच्या विरोधामुळें तो सिद्धीस गेला नाहीं. ती वारल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, यात्रेंत असतां गोदावरीच्या तीरावर एका ब्राह्मणानें आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊं केली. एका दिवसाचीहि ओळख नसतां विवाह उरकला आणि ती मुलगी शेंकडों मैल दूर गेली. या विवाहाचें समर्थन करणें कठीण आहे. परंतु याच मुलीला शास्त्रीबोवांनीं संस्कृत शिकविलें, आणि हीच लक्ष्मीबाई पुढें त्या शाळेची गुरु झाली.

बायकोला देववाणी शिकविणाऱ्याला गांवांत स्वास्थ्य कोठून मिळणार? उडुपीस धर्माधिकाऱ्यांपुढें शास्त्रीबोवांना जाब द्यावा लागला; त्यांनीं ग्रंथाधार दाखवून आपला पक्ष मांडला. राहावयास त्यांनीं सह्याद्रीवरचें गंगामूळचें अरण्य निवडलें. तेथें पहिल्या रात्रीं डोक्यावर छप्पर नव्हतें. वाघाच्या डरकाळ्या ऐकूं येत होत्या. बालिका पासोडी गुंडाळून भुईवर थरथरत पडली होती आणि पति उजाडेपर्यंत पहारा करीत बसला होता. पुढें घर उभें राहिलें, विद्यार्थी येऊं लागले. याच ठिकाणीं २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

विद्यार्थी आणि यात्रेकरू यांना जेवूं घालण्यांत शास्त्रीबोवांची पुंजी संपली आणि कर्ज झालें. रमा सहा महिन्यांची असतां कुटुंबानें घर सोडलें. तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून हमालाच्या डोक्यावरून नेलें. त्यानंतर या मंडळींना कायमचें घर असें लाभलें नाहीं. तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ, असा त्यांचा प्रवास चालला.

रमा शिकण्याच्या वयास आली, तेव्हां वडील वृद्ध झाले होते. शिकविण्याचें काम आईकडे आलें. दिवसा तिला स्वयंपाकपाणी असे, म्हणून वर्ग भरे तो पहाटेस. पांखरें नुकतीं किलबिलूं लागलेलीं असत. मातीच्या भुईवर निजलेल्या मुलीला आई उचलून घेई, लाडानें जागी करी आणि धडा म्हणून दाखवी. मुलीनें तो ऐकावा, पुन्हां म्हणावा, चुकलें तर आईनें दुरुस्त करावें. पुस्तक आईच्या मुखांत, पाटी मुलीच्या स्मरणांत! या रीतीनें व्याकरण, कोश आणि भागवताचे हजारों श्लोक बारा-पंधरा वर्षांच्या वयांत रमेच्या मुखोद्गत झाले.

मग या शाळेचें मोल तें काय? पहिलें मोल आईच्या झोंपेचें. दुसरें, मुलीच्या वेळाचें. थोरल्या मुलीचा बालविवाह वाईट ठरल्यामुळें अनंतशास्त्र्यांनीं रमेचें लग्न लहानपणीं केलें नाहीं. त्या काळीं हें धारिष्ट मोठेंच. तिच्या बरोबरीच्या मुली सासरीं पाणी भरीत असतां ती पाठ म्हणत होती. तो वेळ मिळाला नसता तर आईची विद्या आईबरोबरच गेली असती.

या विद्येवरच घर चाले. देवळांत, झाडाखालीं किंवा नदीकांठीं बसून पोथी वाचावयाची. श्रोते फुलें, धान्य, वस्त्र, चार पैसे ठेवीत. परंतु दुष्काळ पडला आणि श्रोत्यांचेच हात रिते झाले. डोंगरे मंडळींनीं दागिने विकले, भांडीं विकलीं. मोलमजुरी करण्यास कुलाभिमान आडवा येई, आणि अंगमेहनतीची कला कोणाच्याच अंगीं नव्हती. अखेर रानांत अकरा दिवस त्यांनीं पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ मध्यें प्रथम वडील गेले, कांहीं महिन्यांतच आई गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून ठेंगण्या रमेनें आपला भाग डोक्यावर घेतला.

पुढें बहीणहि गेली. रमाबाई आणि बंधु श्रीनिवास पायीं हिंडत १८७८ त कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं कधीं शाळेंत न गेलेल्या या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

रमाबाईंनीं १८८३ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९०७ सालच्या आत्मकथनांत त्यांनीं या शिक्षणावर टीका केली आहे: संस्कृतावांचून दुसरी भाषा नको, व्यवहाराची विद्या म्हणजे प्रपंचाचा मोह, अशी घरची समजूत होती. जुना धर्म सोडल्यानंतरचें हें लेखन आहे, हें ध्यानांत ठेवावें. तरी दुष्काळाची हकीगत पाहतां टीका अन्यायाची वाटत नाहीं. आईविषयीं मात्र त्यांच्या लेखणींत कडवटपणा कोठेंच नाहीं. १८८७ सालचें आपलें इंग्रजी पुस्तक त्यांनीं लक्ष्मीबाईंच्याच स्मृतीस अर्पण केलें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणल्या. पुण्याजवळ केडगांवास त्यांच्यासाठीं मुक्तिसदन उभें राहिलें. वाचनलेखनाबरोबर तेथें विणकाम होतें, शेती होती, छापखाना होता; आणि छापखान्यांतले खिळे मुलीच जुळवीत.