सुबाभळीमागून आलेली कीड

बदनापूर व जालना या बाजूस मोसंबीची बाग राखणाऱ्या बागाइतदारास 'सायला' हा शब्द परका नाहीं. कोंवळ्या फुटीवर बसून रस शोषणारा हा इवलासा किडा त्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. याच किड्याच्या गोतांतील एक जात अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून १९८८ सालीं भारतांत उतरली. तिनें गांठलें तें झाड मात्र मोसंबीचें नव्हे, सुबाभळीचें होतें.

सुबाभूळ ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील. महाराष्ट्रांत तिचा बोलबाला झाला तो १९७० नंतरच्या दशकांत, आणि त्याचें श्रेय मुख्यतः पुण्याजवळच्या उरुळीकांचनास द्यावें लागेल. १९४६ सालीं महात्मा गांधींबरोबर त्या गांवीं आलेले मणिभाई देसाई तेथेंच राहिले. पुढें १९६७ सालीं त्यांनीं 'बायफ' ही संस्था काढली. संकरित गाई आल्या, तशी वर्षभर हिरव्या चाऱ्याची गरज उभी राहिली. हवाई बेटांतील उंच वाढणारी सुबाभूळ या गरजेस नेमकी उतरली. ती हवेंतील नत्र जमिनीस देते, तोडली तरी पुन्हा जोमानें फुटते, पाला गुरांस होतो आणि लांकूड चुलीस. पाल्यांत मिमोसीन नांवाचें विषारी द्रव्य असतें, म्हणून तो बेतानेंच घालावा लागतो, एवढीच काय ती खोड. सरपण बांधावरच मिळूं लागलें तर डोंगरावरच्या झाडावर कुऱ्हाड पडणार नाहीं, ही यामागची मोठी आशा होती. तींत खोटें कांहींच नव्हतें.

परंतु हें झाड येथें निर्भय वाढलें याचें एक कारण असें होतें कीं, त्याचे जुने शत्रू मागें राहिले होते. त्यांतील एकाचें वर्णन १९१४ सालीं क्यूबांतील नमुन्यांवरून झालें होतें. त्याच्या शास्त्रीय नांवांत 'क्यूबाना' आलें तें त्यामुळेंच. १९८४ सालीं तो हवाई बेटांत दिसला, १९८६ सालीं इंडोनेशियांत, आणि आणखी दोनच वर्षांत भारतांत. वारा आणि विमानें ही त्याचीं वाहनें. मादी मिटलेल्या कोंवळ्या पानांत शेंकडों अंडीं घालते व पंधरा दिवसांच्या सुमारास नवी पिढी तयार होते. शेंडे आखडतात, पाला गळतो, चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. झाड सहसा मरत नाहीं. परंतु चाऱ्यासाठीं लावलेल्या झाडास पालाच उरला नाहीं तर तें जगून उपयोग काय?

औषध फवारावें, तर तोच पाला गुरांच्या तोंडीं जाणार. तेव्हां शास्त्रज्ञांनीं शत्रूचा शत्रू शोधण्याची वाट धरली. ती वाट नवी नव्हती. १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्यानें दक्षिण भारतांतील फड्या निवडुंगाचीं रानें ओस पाडलीं होतीं. या वेळीं निवड झाली ती निळसर काळ्या रंगाच्या एका ढालकिड्याची. त्याची कथा मोठी मौजेची आहे. १९२२ सालीं नारळावरील पिठ्या ढेकणांसाठीं तो मेक्सिकोहून हवाई बेटांत नेला होता. पुढें साठ वर्षांनीं सायला तेथें पोंचली, तेव्हां तोच तिच्यावर तुटून पडला. कीड दिसली त्याच १९८८ सालीं हा ढालकिडा थायलंडहून बंगळुरास आणण्यांत आला, आणि त्या परिसरांत तो रुजला. मात्र सायलेच्या मानानें तो सावकाश वाढतो. त्याच्या एकट्याच्या भरंवशावर काम भागण्याजोगें नव्हतें. येथले देशी ढालकिडे व कोळी त्याच्या मदतीस होतेच. शिवाय दख्खनचा कडक उन्हाळा सायलेस मानवत नाहीं.

दुसरा उपाय झाडाच्याच जातींत शोधला गेला. सुबाभळीची 'पॅलिडा' ही चुलत जात या किडीस चांगली दाद देत नाहीं, व हवाईंतील 'के ६३६' हें वाण तिला बरेंच सोसतें. शेतकऱ्यास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाहीं. बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रानें मररोगास तोंड देणारें 'बी.डी.एन. ७११' हें तुरीचें वाण दिलें, तें याच विचारानें. तिसरा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित: सबंध माळावर एकच झाड लावूं नये. सुबाभळीशेजारीं कडुनिंब, शिरीष, हिवर असतील तर किडीला सलग मेजवानी मिळत नाहीं. एकाच जातीच्या लागवडीचा मोह वनखात्यांस आणि शेतकऱ्यांस सारखाच पडला होता, आणि झाड जितकें गुणी तितका तो मोह अनावर.

सायला मात्र भारतांत थांबली नाहीं. १९९२ सालीं ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. तेथें ढालकिड्याऐवजीं त्रिनिदादहून आणलेल्या, सायलेच्या पिलांवर वाढणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीवर शास्त्रज्ञांनीं भिस्त ठेवली.