लहान रस्त्यांची सायकल : फ्रान्सची मैदाने आणि पुसदचे खोरे

रोड सायकलिंग म्हणजे अरुंद चाकांच्या, वाकलेल्या हँडलच्या हलक्या सायकलने डांबरी रस्त्यावर लांब अंतर कापणे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की ‘टूर द फ्रान्स’मधील आल्प्सचे घाट डोळ्यांसमोर येतात, दूरचित्रवाणीने ते चित्र घरोघर पोहोचविले. मात्र फ्रान्समधील हौशी सायकलस्वाराची नेहमीची भूमी त्याहून बरीच साधी आहे. पॅरिसच्या नैऋत्येस बोस नावाचे गव्हाचे विस्तीर्ण मैदान आहे. त्यावरून जाताना शार्त्रच्या प्रार्थनामंदिराचे मनोरे कित्येक किलोमीटर आधीपासून दिसू लागतात आणि तरीही गाव लवकर येत नाही. ऑर्लेआं शहराच्या दक्षिणेस सोलोन्य हा जंगल आणि तळ्यांचा सपाट प्रदेश आहे. नैऋत्य किनाऱ्यावरील लांदमध्ये एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या कायद्यानंतर, दलदलीच्या माळावर पाइन वृक्षांची लागवड करण्यात आली. आज तिथे सुमारे दहा लाख हेक्टर सलग वन उभे आहे. शेत, रान, गाव आणि पुन्हा शेत असा हा क्रम चालू राहतो.

हा क्रम यवतमाळ जिल्ह्यातील पुसद परिसरात राहणाऱ्यांना अनोळखी वाटू नये. पूस नदीकाठचे हे तालुक्याचे गाव डोंगरांच्या कोंदणात वसलेले आहे. वाशिमकडे निघाल्यास खंडाळ्याचा घाट चढावा लागतो. नदी ज्या दिशेने वाहते त्या बाजूला मात्र जमीन मोकळी होत जाते. गुंजवरून माहूरकडे जाणारा रस्ता पूस-पैनगंगेच्या खोऱ्यातून जातो. पूस नदी हिवरा संगमजवळ पैनगंगेला मिळते आणि धनोड्याचा पूल ओलांडला की रेणुकामातेच्या माहूरचा डोंगर समोर उभा राहतो. जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटरचा हा पल्ला आहे. शेवटचा गडाचा चढ सोडल्यास पायांची फार परीक्षा होत नाही. शेंबाळपिंपरीमार्गे ईसापूर धरणाकडे जाणारी वाट याहून लहान; एका सकाळीत उरकणारी. उमरखेडच्या पुढे पैनगंगा अभयारण्याचा साग लागतो. अभयारण्यातील आतल्या वाटांवर वन विभागाच्या परवानगीखेरीज जाऊ नये, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

सपाट रस्ता सोपा असतो, हा समज फार रूढ आहे. घाटात चढ असला तरी उतारही मिळतो आणि उतारावर पाय विसावतात. मैदानात तशी सुटी नाही. शिवाय येथे खरा प्रतिस्पर्धी वारा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला सपाटीवरील सायकलस्वाराची बहुतांश ताकद केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते. म्हणूनच बोसच्या मैदानात स्वार एकामागे एक अशी रांग धरतात आणि पुढचा माणूस थोड्या-थोड्या वेळाने बदलतात. मागे राहणाऱ्याचे श्रम यामुळे जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. आपल्याकडे गटाने निघालेली मंडळी मात्र गप्पा मारण्यासाठी शेजारी-शेजारी चालवितात. त्यात वारा दोघांनाही लागतो आणि मागून येणारी एसटी दोघांवरही हॉर्न वाजविते.

फ्रान्समधील हे सुख केवळ निसर्गाने दिलेले नाही. त्यामागे रस्त्यांची रचना आहे. महामार्गांच्या खालच्या पायरीवर जिल्हा प्रशासनाच्या ताब्यातील सुमारे पावणेचार लाख किलोमीटरचे रस्ते आणि त्याहूनही खाली ग्रामपालिकांचे आणखी मोठे जाळे आहे. जड वाहतूक महामार्गाने जाते. गावांना जोडणाऱ्या लहान रस्त्यावर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकल एवढेच उरते. वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर, तर वस्तीत एक मीटर अंतर ठेवावे, असा तिथला नियम आहे. २०१८ च्या जुलैत दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणली गेली. त्यावरून ग्रामीण भागात मोठा असंतोष झाला आणि पुढे जिल्ह्यांना ती पुन्हा वाढविण्याची मुभा देण्यात आली. रात्री वस्तीबाहेर सायकल चालविणाऱ्याला चमकणारे जाकीट घालणे २००८ पासून बंधनकारक आहे.

लहान रस्त्यांचे असे जाळे आपल्याकडेही आहे आणि त्याचा आराखडा विदर्भातच आखला गेला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आताचे राज्य) महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड या ‘नागपूर योजने’ने ठरविली. विकसित शेतीच्या पट्ट्यातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट तीत होते. त्या वेळी पुसद मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. पुढे डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने पाचशेवर लोकवस्तीची आणि आदिवासी व डोंगरी भागात अडीचशेवर लोकवस्तीची ठिकाणे बारमाही रस्त्याने जोडण्याचे काम हाती घेतले. पुसद तालुक्यातील तांडे व पाडे यांना जाणारे अनेक अरुंद डांबरी फाटे या दोन योजनांच्या दरम्यान पडले आहेत. बांधकाम खात्याच्या नोंदीत ते ‘ग्रामीण मार्ग’ असतात. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे जन्मगाव गहुलीही पुसदलगत अशाच रस्त्यावरचे. सायकलस्वाराच्या नकाशावर मात्र ते क्वचितच येतात, कारण आपण गुळगुळीत म्हणून राष्ट्रीय महामार्गच धरतो. महागाव-उमरखेडवरून नांदेडकडे जाणारा रुंद महामार्ग चाकाला सुखावतो हे खरे, पण त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचा झोत सायकलला हलवून सोडतो.

रुंदीकरणाची दुसरी किंमत सावलीची. जुन्या रस्त्यांच्या कडेला कडुनिंब, चिंच आणि वड असत. चौपदरीकरणात अशा झाडांच्या रांगा आडव्या झाल्या आणि त्या जागी दुभाजकात कण्हेर आली. फ्रान्समध्येही विसाव्या शतकात रस्त्याकडेची प्लेनची झाडे मोटारींना धोकादायक ठरवून मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. अखेर २०१६ च्या जैवविविधता कायद्याने सार्वजनिक रस्त्यालगतच्या वृक्षरांगांना संरक्षण दिले. आपल्या वृक्षतोड नियमनाचा १९६४ चा कायदा एकेका झाडाच्या परवानगीचा विचार करतो. संपूर्ण रांग ही एक वस्तू आहे, ही कल्पना त्यात नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने सारा अर्थ रांगेतच असतो. दर पाचशे मीटरला एक झाड असून त्याचा काहीच उपयोग नसतो.

आणि जंगलाची सावलीही येथे फसवी आहे. फ्रान्समधील ओक जून-जुलैत, म्हणजे नेमक्या उन्हाळ्यात, हिरवागार असतो. आपला साग मार्च-एप्रिलमध्ये निष्पर्ण होतो. ज्या महिन्यांत यवतमाळचा पारा चाळिशीपलीकडे जातो त्याच महिन्यांत सागाचे रान उघडे पडते आणि पावसाबरोबर, सावलीची गरज संपल्यावर, त्याला मोठमोठी पाने फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पहाटे मोहफुले वेचणारी माणसे रस्त्याकडेला दिसतात. पाहण्यासारखा हंगाम तोच, पण दहाच्या आत घरी परतावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो, ब्रेक आणि मडगार्डमध्ये घट्ट बसतो आणि सायकल अक्षरशः थांबवितो. तेव्हा खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत कापसाने भरलेल्या बैलगाड्या व उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि संध्याकाळी त्यांना मागे दिवा नसतो. अंधारापूर्वी परतण्याचे हेही एक कारण.

सामानाविषयी थोडे. येथील सर्वांत मोठा शत्रू बाभळीचा काटा व त्याच्या जोडीला सराटा. २३-२५ मिलिमीटरचे शर्यतीचे टायर येथे टिकत नाहीत. २८ ते ३२ मिलिमीटरचे जाड टायर आणि दोन ट्यूब सोबत असाव्यात. गावोगावच्या पंक्चरच्या दुकानात मिळणारी ट्यूब जुन्या काळ्या सायकलच्या अठ्ठावीस इंची चाकाची असते. तिची रिम ६३५ मिलिमीटरची, तर रोड सायकलची ६२२ ची. रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला दुकानातील पंपही बसत नाही. त्यासाठी पितळेचे एक लहानसे जोडनळकांडे मिळते. किंमत नगण्य, पण ते खिशात नसेल तर मुक्काम त्या गावात.

या साऱ्याला एक जागतिक दोरही आहे. १८९१ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची सायकल शर्यत भरविली. शार्ल तेराँ हा स्वार साधारण ७१ तास २२ मिनिटांत परतला. त्याच्या सायकलला मिशलँ बंधूंचे काढता-घालता येणारे टायर होते आणि त्या विजयाने त्यांचा धंदा उभा राहिला. पुढे शर्यत बंद पडली, पण हौशी स्वारांसाठी तीच वाट राहिली. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑदाक्स क्लब पारिझियाँ’कडे तिचे आयोजन आहे. १९७५ पासून ती दर चार वर्षांनी होते; २०२३ नंतरची पुढची फेरी २०२७ मध्ये आहे. कमाल मुदत ९० तास आणि क्रमांक कोणालाच नाही. पात्रतेसाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे ‘ब्रेव्हे’ अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पूर्ण करावे लागतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांतून असे ब्रेव्हे होतात. विदर्भातील लांब पल्ल्याच्या सायकलिंगला नाव मिळाले ते नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केल्यावर.

२०१९ पासून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची सुरुवात रांबुइयेच्या अरण्यालगतच्या उद्यानातून होते. पहिले काही तास सपाट, रान आणि गव्हाच्या शेतांतून जातात. पुढे पेर्शच्या टेकड्या लागतात आणि ब्रेस्टहून परत येईपर्यंत चढांची एकूण बेरीज अकरा-बारा हजार मीटरवर जाते. विदर्भातील स्वार चढाची तयारी घाटात करतो, वाऱ्याची माळावर. पण त्याला गाठते ती थंडी. ऑगस्ट असूनही २०१९ मध्ये ब्रिटनीतील रात्री तापमान एक आकडी झाले होते. चव्वेचाळीस अंशांना सरावलेल्या शरीराला ती पहाट जड जाते. त्या सरावासाठी पुसदकडे एकच वेळ आहे : डिसेंबरातील पहाटे चार, पूस नदीकाठचे धुके आणि माहूरकडे जाणारा अंधारा रस्ता. पुढे पांढरा व मागे लाल दिवा, चमकणारे जाकीट, हातमोजे आणि शक्यतो सोबतीला एक जण असावा. उजाडते ते पुढे वाटेत.